आधी सांगा, तुमचा प्रिंटर किती दिवस गप्प बसणार आहे?

गणपती झाले की माझ्या दुकानात एकाच आजाराचे प्रिंटर यायला लागतात. उन्हाळ्यात मुंबईची नातवंडं गावी आली तेव्हा घेतलेले, जूनमध्ये प्लास्टिक घालून झाकलेले आणि सप्टेंबरात पहिल्यांदा उघडलेले. काळं उमटतं, निळं उमटतच नाही, पिवळ्यात पांढऱ्या रेघा. गेल्या वर्षी गुहागरकडचे एक निवृत्त गुरुजी असाच टँकचा, म्हणजे शाईच्या टाक्यांचा, प्रिंटर रिक्षातून मांडीवर घेऊन आले. जेमतेम पन्नास पानं छापलेली असतील. चारही टाक्या भरलेल्या आणि कागदावर शाई उडवणारं हेड सुकून दगड झालेलं. नव्या हेडचा खर्च सांगितला तेव्हा ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ताई, दुकानदार तर म्हणाला होता, यात सगळ्यात स्वस्त पान पडतं."

दुकानदार खोटं बोलला नव्हता. त्याने एक प्रश्न विचारला नव्हता, एवढंच. मी चिपळूणच्या बाजारपेठेत एकोणीस वर्षं प्रिंटर दुरुस्त करते. पुढे झेरॉक्सचं दुकान आणि मागे दुरुस्तीचं टेबल. कोणता प्रिंटर घेऊ असं कुणी विचारलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दोन छपायांच्या मध्ये तो किती दिवस नुसता बसून राहणार? महिन्याला किती पानं, रंगीत की काळं, बजेट किती, हे सगळं त्यानंतर. कारण यंत्र वापरून जितकी बिघडतात त्यापेक्षा जास्त बसून बिघडताना मी पाहिली आहेत, त्यातही आमच्या कोकणातल्या हवेत.

म्हणून खरेदीआधी एक महिना वही ठेवा. घरात किंवा दुकानात जे काही छापावं लागलं, मग ते बाहेरून छापून आणलेलं का असेना, ते तारखेसकट लिहा. पानं किती, रंगीत होती का, कागद कसला होता. शाळेचे प्रोजेक्ट, सातबारा, विजेचं बिल, गॅसची पावती, सोसायटीची नोटीस, सगळं. महिन्याच्या शेवटी त्या तारखा बघा. रोज काहीतरी आहे, आठवड्याला आहे, की पंधरा-वीस दिवसांची भोकं आहेत? बहुतेक उत्तर त्या भोकांमध्येच सापडतं.

महिन्याला दहा पानं, तीही काळी, असा हिशोब निघाला तर प्रिंटर घेऊच नका. हे मी झेरॉक्सच्या दुकानात बसून सांगते आहे म्हणून माझा फायदा बघते असं वाटेल, पण आकडे पाहा. पानाला तीन रुपये धरले तरी वर्षाची १२० पानं ३६० रुपयांत होतात. दहा-बारा हजारांचं यंत्र त्यासाठी कशाला? अपवाद गावात राहणाऱ्यांचा. जवळचं दुकान बारा किलोमीटरवर आणि एसटी दिवसातून दोनदा असेल, तर घरात यंत्र असणं ही सोय आहे आणि तिची किंमत पैशांत काढता येत नाही.

अधूनमधून छापणाऱ्यांसाठी: साधा काळा लेझर

गुरुजींना हवा होता तो हा. लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते, टोनर नावाची कोरडी पूड असते. ती पूड म्हणजे मुख्यतः प्लास्टिकच. लेझरचा किरण ड्रम नावाच्या रुळावर विजेच्या भाराने अक्षरं काढतो, पूड त्या जागी चिकटते, तिथून कागदावर उतरते आणि शेवटी फ्युझर नावाचा गरम रूळ ती वितळवून कागदात बसवतो. फ्युझरचं तापमान दोनशे अंशांच्या आसपास जातं, म्हणून पान हाताला गरम लागतं. कोरडी पूड सुकणार कशी? चार महिने बंद ठेवा, चालू करा, पहिलं पान नाही तर दुसरं पान स्वच्छ येतं. त्यावर पाणी पडलं तरी अक्षर पसरत नाही. पावसात भिजत तहसील गाठणाऱ्या माणसाला हे फार उपयोगाचं.

त्याच्या मर्यादाही ऐका. रंग मिळत नाही. रंगीत लेझर मिळतात, पण त्यात चार टोनर असतात आणि घरासाठी तो खर्च मला पटत नाही. महिन्यातली दोन रंगीत पानं दुकानातून काढा. दुसरं म्हणजे वीज. फ्युझर तापताना क्षणभर सहाशे-आठशे वॅट, कधी त्याहूनही जास्त खेचतो. घरातल्या लहान इन्व्हर्टरवर किंवा कॉम्प्युटरच्या यूपीएसवर लेझर लावला की प्रिंट दिल्याबरोबर सगळं बंद पडतं. लाइट गेल्यावरही छापायची गरज असेल तर शाईचा प्रिंटर बरा, तो वीस वॅटच्या आसपास भागवतो. लेझर भिंतीच्या थेट सॉकेटवरच ठेवा.

तिसरी गोष्ट मी हात जोडून सांगते. शाईच्या प्रिंटरसाठी असतो तो चकचकीत फोटो पेपर लेझरमध्ये घालू नका. त्याचा थर फ्युझरवर वितळून बसतो. दिवाळीच्या आधी दोन-तीन फ्युझर तरी अशा पद्धतीने मरतात. साधं प्लास्टिक आणि अर्धी स्टिकरं काढून घेतलेला स्टिकर पेपर यांचंही तेच.

मॉडेल निवडताना टोनर आणि ड्रम एकत्र आहेत की वेगळे, हे विचारा. एचपी आणि कॅननच्या लहान यंत्रांत बहुधा एकाच कार्ट्रिजमध्ये, म्हणजे बदलायच्या डबीत, दोन्ही असतात. कार्ट्रिज बदललं की ड्रमही नवा, पण किंमत जास्त. ब्रदरच्या यंत्रांत दोन्ही वेगळे असतात. टोनर दोन-अडीच हजार पानांनी बदलायचा आणि ड्रम साधारण बारा हजार पानांनी. कमी छापणाऱ्याला कुठलाही चालतो. रोज शंभर पानं काढणाऱ्या ऑफिसला वेगळा ड्रम स्वस्त पडतो.

रोज, रंगीत आणि भरपूर: टँक

ज्यांच्या वहीत जवळजवळ रोज नोंद आहे, त्यांनी शाईच्या टाकीचा प्रिंटर घ्यावा. शिकवण्या घेणाऱ्या बाई, दोन शाळकरी मुलं असलेलं घर, महा ई-सेवा केंद्र, अंगणवाडीचे तक्ते करणाऱ्या ताई. एपसनने २०१० च्या सुमारास टाकीवाले प्रिंटर आणले, पुढे कॅनन, एचपी आणि ब्रदरही आले. त्याआधी लोक कार्ट्रिजला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून हेच करायचे, आणि त्या गळक्या नळ्या पुसण्यात माझी पहिली काही वर्षं गेली.

खर्चाचा हिशोब सोपा आहे. काळ्या शाईची ६५ मिलीची बाटली, कंपनी म्हणते ४५०० पानं. बाटली साडेतीनशेला धरली तर पान आठ पैशांना पडतं. पण कंपनीचं पान म्हणजे विरळ मजकुराचं पान. साधा ठोकताळा असा की कागदाचा पाच टक्के भाग काळा होईल इतकीच छपाई. आपल्या मराठी अक्षरांना शिरोरेषा असते, त्यात ठळक मथळे आणि तक्त्यांच्या चौकटी, म्हणून मी नेहमी कंपनीच्या आकड्याच्या निम्मं धरते. तरी पान सोळा पैशांच्या आत. आता कागद बघा. पाचशे पानांची रीम तीनशेला घेतली तर एक कोरा कागद साठ पैशांचा. शाईपेक्षा कागद जवळजवळ चौपट महाग! म्हणून टँक घेणाऱ्याने बाटलीच्या किमतीत दहा रुपये वाचवण्यापेक्षा पाठपोट छपाई आपोआप होणारं मॉडेल मिळतं का ते पाहावं. पहिल्या बाटल्यांतली बरीच शाई नळ्या आणि हेड भरण्यात जाते, त्यामुळे पहिला संच लवकर संपला म्हणून घाबरू नका.

बाटलीवर किंवा माहितीपत्रकात आणखी एक शब्द शोधा: डाय की पिगमेंट. डाय शाई पाण्यात विरघळलेली असते, फोटोत रंग सुंदर दिसतात, पण ओला हात लागला की अक्षर फुटतं. पिगमेंटमध्ये रंगाचे बारीक कण असतात, ते कागदावर बसतात आणि पाण्याला बरेच टिकतात. कॅननच्या जी मालिकेतल्या बहुतेक यंत्रांत आणि एचपीच्या टँक प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची असते, रंगीत डायची. दाखले, अर्ज, हॉल तिकीट छापणाऱ्याला काळी पिगमेंट असावीच. परीक्षेच्या सकाळी पावसात हॉल तिकिटाची शाई पसरून रडवेली झालेली मुलगी माझ्या दुकानात आली होती, तेव्हापासून मी हा प्रश्न कधी विसरत नाही.

आणि हेड. एपसनचं हेड यंत्रात पक्कं बसवलेलं असतं. टिकतं खूप, पण चोंदलं तर कारागिराकडेच न्यावं लागतं आणि बदलणं महाग पडतं. कॅननच्या जी मालिकेतली आणि एचपीच्या टाकीवाल्या यंत्रांतली हेडं हाताने काढून नवी बसवता येतात. मधूनमधून आठ-दहा दिवस यंत्र बंद राहण्याची शक्यता असेल तर मी दुसऱ्या प्रकाराकडे वळवते.

टँक घेतलाच तर रविवारी सकाळी एक रंगीत पान काढायची घरात सवय लावा, चारही रंग असलेलं. लहान मुलाचं चित्र काढा, देवाचा फोटो काढा, काहीही चालेल. रेघा दिसल्या तर नोझल चेक, म्हणजे हेडच्या बारीक छिद्रांची तपासणी, करून एकदा हेड क्लीनिंग द्या, फार तर दोनदा. मग यंत्र बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. लोक लागोपाठ दहादा क्लीनिंग देतात. त्यात शाई जाते आणि ती शाई यंत्राच्या तळाशी एका स्पंजच्या पॅडमध्ये साठते. पॅड भरल्याची मोजणी झाली की यंत्र छापायचंच थांबतं आणि सर्व्हिस करा असा निरोप देतं. म्हणून घेतानाच विचारा की हा पॅड घरी बदलता येतो का. कॅननच्या जी२०२०, जी३०२० अशा मॉडेलांत त्याची वेगळी डबी येते आणि ती आपली आपण बदलता येते. बाकीच्या बऱ्याच यंत्रांना माझ्यासारखीकडे यावं लागतं, एक दिवस जातो.

चार-पाच हजारांचे लहान कार्ट्रिजवाले शाईचे प्रिंटर अजूनही दुकानात समोरच मांडलेले असतात. आठशे रुपयांचं कार्ट्रिज आणि त्यावर लिहिलेलं १२० पानं. म्हणजे पानाला साडेसहा रुपयांच्या वर, आणि सुकायचं भय टँकइतकंच. मी कुणालाही ते घ्यायला सांगत नाही.

बिलं, पावत्या, लेबलं

किराणा, मेडिकल, हॉटेल यांना मोठा प्रिंटर लागतच नाही. थर्मल प्रिंटर घ्या. त्यात शाई नाही, टोनर नाही. उष्णतेने काळा पडणारा कागदाचा रोल. ५८ मिलिमीटर आणि ८० मिलिमीटर अशा दोन रुंद्या मिळतात, बाजारात त्यांना दोन इंची आणि तीन इंची म्हणतात. फक्त रक्कम आणि दोन-चार वस्तू असतील तर दोन इंची चालतो. जीएसटीसह लांब बिल करायचं असेल तर तीन इंची घ्या, नाहीतर प्रत्येक वस्तूचं नाव दोन ओळींत तुटतं.

मराठी दुकानदारांची इथे फार फसगत होते. इंग्रजी बिल झरझर येतं आणि मराठी नाव टाकलं की प्रश्नचिन्हं किंवा चौकोन. कारण या छोट्या यंत्रांच्या पोटात सहसा देवनागरीचे फॉन्ट नसतात. बिलाचं ॲप मराठी मजकूर चित्र करून पाठवत असेल तरच तो उमटतो. म्हणून प्रिंटर आणि ॲप एकत्र तपासा, दुकानात उभं राहून 'ज्वारी', 'श्रीखंड' अशी जोडाक्षरांची नावं छापून घ्या आणि मगच पैसे द्या. बहुतेक थर्मल यंत्रं २०३ डीपीआयची, म्हणजे मिलिमीटरला आठ ठिपके. अगदी बारीक टाइपात 'ष्ट्र' ओळखू येत नाही, तेव्हा टाइप जरा मोठा ठेवा.

थर्मल कागद उन्हात, गरमीत आणि प्लास्टिकच्या पाकिटात फिका पडतो. गिऱ्हाईक म्हणून तुम्हाला असं बिल मिळालं आणि वॉरंटी दोन वर्षांची असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेवा. लॅमिनेट करायला मात्र देऊ नका; गरम रुळातून जाताना अख्खा कागद काळा होतो. जपून ठेवायला म्हणून एका आजोबांनी पेन्शनची पावती अशी लॅमिनेट करून घेतली, दुसऱ्या दुकानात, आणि नंतर माझ्याकडे ती वाचून दाखवा म्हणून आले. काही करता आलं नाही.

आता आंबेवाले. गेल्या काही हंगामांत थेट कुरिअरने पेट्या पाठवणारे बागायतदार वाढले आहेत आणि सगळे एप्रिलमध्ये घाईने लेबल प्रिंटर मागतात. पत्त्याच्या चिठ्ठीला चार बाय सहा इंचाचा थर्मल लेबल प्रिंटर उत्तम. पेटी दोन-चार दिवसांत पोचते, तेवढा काळ अक्षर राहतं. पण बागेचं नाव, भौगोलिक मानांकनाची नोंद, क्यूआर कोड असं पेटीवर हंगामभर टिकायला हवं असेल तर रिबन लावून छापणारा थर्मल ट्रान्सफर प्रकार घ्या. त्यात रिबनवरची शाई लेबलवर उतरते, ऊन आणि दमट गोदाम दोन्ही सोसते. आणि हजारो लेबलं एकाच मजकुराची असतील तर छापखान्यात जा. मंडळाची पावती पुस्तकं, लग्नपत्रिका, पाचशेच्या वरची पत्रकं ही छापखान्याचीच कामं आहेत, घरातल्या यंत्राला त्यात जुंपू नका.

डॉट मॅट्रिक्स अजून कोण घेतं असं कॉलेजची मुलं विचारतात. ट्रान्सपोर्टवाले घेतात, कारण त्यांना एका ठोक्यात बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या, तीन-चार कार्बन प्रती हव्या असतात आणि पिना रिबनवर आपटून छापणाऱ्या यंत्राशिवाय ते कुणालाच जमत नाही. बँकेचं पासबुकही त्याच जातीच्या यंत्रावर भरतं. आवाज करतं, मराठी छापताना रडतखडत चालतं, कारण प्रत्येक अक्षर चित्रासारखं ठिपक्यांनी काढावं लागतं. डॉसच्या काळात तर संगणकावर मराठी आणण्यासाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड बसवावं लागायचं. पण मजबूत म्हणाल तर हेच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझ्या दुकानातली सगळी यंत्रं बुडाली. चिखल धुऊन, पंख्याखाली पंधरा दिवस वाळवून, पॉवर सप्लाय बदलून परत चालू झाले ते दोन डॉट मॅट्रिक्सच. लेझर आणि टँक सगळे भंगारात गेले. तेव्हापासून माझी यंत्रं खांद्याच्या उंचीच्या फळीवर असतात आणि नदीकाठच्या गिऱ्हाइकांनाही मी तसंच सांगते.

वकील, बाँड लिहिणारे, जुनी कागदपत्रं सांभाळणारे

यांना छपाईपेक्षा स्कॅनर जास्त अडवतो. छपाई, स्कॅन आणि झेरॉक्स एकत्र करणाऱ्या थ्री-इन-वन यंत्राची काच ए-फोर आकाराची असते, सुमारे २९७ मिलिमीटर लांब. लीगल कागद १४ इंच, म्हणजे साडेतीनशे मिलिमीटरच्या वर. जुनं खरेदीखत, बाँड, वारसाची कागदपत्रं त्या काचेवर मावत नाहीत, खालची सही आणि शिक्का कापला जातो. वर कागद ओढून घेणारा फीडर असलेलं यंत्र घ्या, त्यातून लीगल जातं. मात्र जीर्ण, घडीवर फाटलेला कागद फीडरमध्ये घालू नका. तो काचेवर दोन भागांत स्कॅन करा किंवा मोबाइलने उजेडात फोटो घ्या. शंभर वर्षांचा फेरफार फीडरमध्ये अडकून फाटताना मी पाहिला आहे आणि तो आवाज अजून कानात आहे.

मुद्रांक कागदावर छापायला काळा लेझर, आणि कागद सरळ जाईल अशी पुढची किंवा मागची हाताने भरायची फट असलेला. शाईचं अक्षर त्या कागदावर पसरू शकतं. ऑक्टोबर २०२४ पासून बऱ्याच कामांना शंभरच्या जागी पाचशेचा मुद्रांक लागतो, तेव्हा वाया गेलेला कागद परवडत नाही. आधी त्याच मापाच्या साध्या कागदावर छापून, उजेडात मुद्रांकावर धरून जागा जुळते का पाहा. वकिलांसाठी पाठपोट छपाईही आता महत्त्वाची. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए-फोर कागदावर दोन्ही बाजूंनी छपाईचा नियम केला. खालच्या कोर्टात लीगल चालू असेल तर यंत्र दोन्ही मापं घेणारं हवं.

फोटो स्टुडिओवाल्यांना माझ्या सल्ल्याची फारशी गरज पडत नाही. घरगुती पासपोर्ट फोटोला चार रंगांचा टँक पुरतो. रोज फोटोच काढायचे असतील तर सहा रंगांचा घ्या, चेहऱ्याच्या हलक्या छटा त्यात नीट येतात.

दुकानात उभं राहून विचारायच्या गोष्टी

सोबत आलेला टोनर पूर्ण भरलेला आहे की नमुन्यापुरता? पुष्कळदा कमी भरलेला असतो. नव्या टोनरची आजची किंमत आणि त्यावर लिहिलेली पानं, दोन्ही वहीत लिहा आणि भागाकार तिथेच करा. चार हजारांचं कार्ट्रिज १५०० पानं देत असेल तर पान २ रुपये ६७ पैशांना. तेच तीनशे रुपयांत रिफिल होत असेल तर वीस पैशांना. हा फरक इतका मोठा आहे की रिफिल चालतं का हा प्रश्न लाजून टाळू नका. काही नव्या मॉडेलांत कार्ट्रिजवर चिप असते आणि बाहेरचं कार्ट्रिज यंत्र नाकारतं. कधी इंटरनेटवरून अपडेट आल्यावर कालपर्यंत चाललेलं कार्ट्रिज आज चालत नाही. बॉक्सवर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं, ते वाचायला मागा. रिफिल स्वस्तातली स्वस्त मात्र करू नका. हलक्या प्रतीची पूड ड्रम खरवडते, पानावर करडा धूसरपणा येतो.

वाय-फायचे हजार-दीड हजार जास्त द्यावेत का? घरात छापणारे दोघांहून जास्त असतील किंवा सगळं मोबाइलवरूनच करत असाल तर जरूर द्या. बहुतेक स्वस्त प्रिंटरांना २.४ गीगाहर्ट्झचंच वाय-फाय समजतं. घरचा राउटर फक्त ५ वर असेल तर प्रिंटर सापडणार नाही. कॅननचा एलबीपी २९०० किंवा एचपीचा १०२० असे जुने लेझर अजून दणकट चालतात, दोघांचा टोनर आणि रिफिल तालुक्याच्या गावीही मिळतो, पण ते वायरीचे आहेत आणि त्यांना संगणक लागतोच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असा जुना लेझर आणणार असाल तर फ्युझरमधून कर्रकर्र आवाज येतो का ऐका, आणि लागोपाठ वीस पानं काढून बघा. पहिली पाच सगळेच दाखवतात. बंद पडलेल्या वंशाचं यंत्र टाळा. सॅमसंगने प्रिंटरचा व्यवसाय एचपीला दिला, तो व्यवहार २०१७ मध्ये पूर्ण झाला; त्या जुन्या यंत्रांचे सुटे भाग शोधताना माझे दिवस जातात.

सर्व्हिस सेंटर कुठे आहे हेही विचारा. घरी येऊन दुरुस्ती असं बॉक्सवर असतं, पण तुमच्या पिनकोडला ते लागू आहे का हे फोन करून खात्री करा. एका गिऱ्हाइकाचं यंत्र वॉरंटीतच असून पुण्याला पाठवावं लागलं आणि दीड महिना परत आलं नाही.

कागदाचं राहिलंच. ७० ते ८० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कोणताही चांगला कागद चालतो, पण पावसाळ्यात उघडी रीम बाहेर ठेवली की कागद दमट होतो. मग लेझरमधून तो गुंडाळून बाहेर येतो, अडकतो, अक्षरं फिकी उमटतात, आणि लोक यंत्राला दोष देतात. लागतील तेवढीच पानं ट्रेमध्ये ठेवा, उरलेली वेष्टनासकट पत्र्याच्या डब्यात. प्रिंटरवर सुती कापड टाका. रात्री उघड्या ट्रेमधून पाल आत जाते आणि आत अंडी घालते. गिअरमध्ये ती सापडली की माझे दोन तास.

खरेदी झाल्यावर थर्माकोल आणि खोका फेकू नका, माळ्यावर टाका. टाकीचा प्रिंटर मुंबईहून गावी किंवा गावाहून मुंबईला न्यायचा झाला तर तो त्याच खोक्यात, टाक्यांची झाकणं घट्ट लावून, उभाच गेला पाहिजे. डिकीत आडवा ठेवला तर कशेडी घाट उतरेपर्यंत सगळी शाई यंत्राच्या तळात उतरलेली असते.